नाशिकचा पाऊस, कांद्याचा भाव आणि बाकी सगळं एकाच फीडमध्ये येतं. वेगळं कसं करायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नाशिकला नव्याने राहायला आलात, एक्स, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब मिळून नऊशेच्या आसपास खाती फॉलो करता, रोज तासभर फोन बघता, आणि तरीही गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचं दुसऱ्या दिवशी कळतं. सगळं अनफॉलो करून पहिल्यापासून सुरुवात करावी का?

करू नका. नऊशेतली बरीचशी खाती तुम्ही कधीतरी आवडीनेच घेतली असतील, ती राहू द्या. त्यातून छोट्या याद्या बाजूला काढा. मी मखमलाबादला द्राक्षबाग करते. गेली दोन वर्षं माझा दिवस या याद्यांवर चालतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मला हे का करावं लागलं ते सांगते. माझं माहेर चांदवड तालुक्यात. १८ फेब्रुवारी २०२४, रविवार. डिसेंबरच्या ८ तारखेपासून कांद्याची निर्यात बंद होती आणि मुदत ३१ मार्चपर्यंत होती. त्या दिवशी सगळीकडे एकच बातमी फिरायला लागली की बंदी उठली. भावाचा फोन आला, "ताई, रांगडा कांदा काढून पोळ (ढीग) घालून ठेवलाय. उद्या ट्रॅक्टर भरू की थांबू?" मी फीड उघडलं. पंधरा-वीस खाती तेच सांगत होती. मी म्हटलं, थांब, अजून चढेल. लासलगावच्या कांदा बाजारात १७ तारखेला क्विंटलला १,२८० असलेला सर्वसाधारण भाव १९ तारखेला १,८०० वर गेला. मंगळवारी, २० तारखेला, केंद्राने स्पष्ट केलं की बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत आहे तशीच आहे. भावाने तोवर एकही ट्रॉली नेली नव्हती. रांगडा कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, टिकत नाही. मिळेल त्या भावाने विकावा लागला. बंदी प्रत्यक्षात उठली ती ४ मे रोजी, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून.

नंतर मी शांतपणे बसून त्या रविवारच्या पोस्ट पुन्हा वाचल्या. पंधरा-वीस म्हणजे खरं तर एकच होती, बाकीच्यांनी ती उचलली होती. आणि निर्यातीची अधिसूचना जिथून निघते ते विदेश व्यापार महासंचालनालय त्या दिवशी या विषयावर काहीच बोललेलं नव्हतं. ते खातं मी फॉलो करत होते बरं का! पण आठशे खात्यांच्या गर्दीत कोण बोललं एवढंच दिसतं. कोण बोललं नाही हे दिसत नाही. दहा खात्यांची यादी असती तर त्या रविवारी मी ती उघडली असती, ज्याने बोलायला हवं तोच गप्प आहे हे लगेच दिसलं असतं, आणि भावाला सांगितलं असतं की सोमवारी माल ने. लहान यादीचा हा उपयोग मला कोणी सांगितला नव्हता, म्हणून तुम्हाला आवर्जून सांगते.

यादी विषयावर करू नका, कामावर करा. 'हवामान' अशी यादी केलीत तर तिच्यात देशभरचं वादळ-वारं येईल आणि महिन्याभरात तीही तुंबेल. वाचून मी काय करणार आहे, हे विचारून यादी करा. माझ्याकडे पावसाच्याच दोन आहेत. एकीचं नाव 'फवारणी'. बाग फुलोऱ्यात असताना पाऊस आला की डाउनी हा बुरशीचा रोग येतो, त्यामुळे ब्लोअर (फवारणीचं यंत्र) आज संध्याकाळी काढायचा की उद्या, एवढंच मला तिच्यातून हवं असतं. हवामान खात्याचं मुख्य खातं, त्यांचं मुंबई केंद्र, पुण्याजवळच्या मांजरी गावचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि माझ्या ओळखीचे चार बागायतदार, बस. दुसरीचं नाव 'नदी'. दिरांचं सराफ बाजारात दुकान आहे आणि गोदावरी चढली की तिथे पाणी शिरतं. त्या यादीत जिल्हा प्रशासन, महापालिका आणि नदीकाठी राहून रोज फोटो टाकणारी दोन-तीन माणसं आहेत.

तुम्ही नवे आहात म्हणून एक गोष्ट सांगते. हवामान खात्याच्या विभागणीत नाशिक जिल्हा 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात येतो. कोकणाचा इशारा वाचून छत्री काढू नका. शिवाय अलीकडे 'नाशिक' आणि 'नाशिक घाट' असे दोन इशारे वेगळे येतात. घाटाला ऑरेंज असेल तर इगतपुरी-त्र्यंबककडे कोसळतो आणि माझ्या बागेत थेंबही पडत नाही. तेव्हा 'फवारणी'च्या दृष्टीने तो इशारा बिनकामाचा. पण गंगापूरचं पाणलोट त्र्यंबकच्याच बाजूला आहे, म्हणून 'नदी'च्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा. धरण भरत आलेलं असेल तर पुढचा प्रश्न विसर्ग किती क्युसेक, हाच. हे आकडे ज्या खात्यावर वेळेसकट येतात तेच यादीत ठेवा. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागल्याचे व्हिडिओ दर पावसाळ्यात फिरतात आणि त्यातले कित्येक ऑगस्ट २०१९ च्या पुराचे असतात. तारीख न टाकता असा व्हिडिओ टाकणारं खातं मी त्याच दिवशी यादीतून काढते.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. एक्सवर लिस्टची सोय २००९ पासून आहे, ट्विटर होतं तेव्हापासून. एका खात्याला १,००० याद्या आणि एका यादीत ५,००० खाती एवढी मुभा आहे, पण वीसच्या वर गेलात की यादीचं पुन्हा फीड होतं. यादीत घालायला त्या खात्याला फॉलो करावं लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सरकारी खाती मी फॉलो न करता फक्त यादीत ठेवली आहेत, त्यामुळे मुख्य फीडमध्ये उद्घाटनांचे फोटो येत नाहीत. यादी खासगी ठेवली तर ती तुम्हालाच दिसते आणि आत कोण आहे हे कोणाला कळत नाही. सार्वजनिक केली तर ज्याला आत घेतलं त्याला सूचना जाते, म्हणून नाव जपून द्या. पाच याद्या पिन करता येतात, मग त्या वर टॅबसारख्या दिसतात. सकाळी उठल्यावर 'फॉर यू', म्हणजे एक्सने स्वतः निवडलेल्या पोस्टचा टॅब, उघडायचंच नाही, थेट त्या टॅबवर जायचं. मला ही सवय लागायला पंधरा दिवस गेले.

निळ्या टिकमार्कवर जाऊ नका. नोव्हेंबर २०२२ पासून तो पैसे भरून मिळतो. सरकारी खात्यांना करडा असतो, तो बघा. सिंहस्थ जवळ येतोय, ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. नाशिक आणि कुंभ नावात घालून नवी खाती निघत राहणार. रस्ते कुठे बंद आणि वाहनतळ कुठे, एवढ्याचीच एक यादी आत्तापासून करून ठेवा. तुम्ही पंचवटीच्या बाजूला राहत असाल तर नक्कीच.

इन्स्टाग्रामवर एवढी सोय नाही. फेव्हरिट्समध्ये ५० खाती ठेवता येतात, तीच एक यादी समजा. फेसबुकला फेव्हरिट्स ३०. त्यात मी माणसंच ठेवली आहेत, भाचरं आणि कॉलेजच्या मैत्रिणी. त्यांच्या पोस्ट बाजारभावात मिसळाव्यात असं मला वाटत नाही.

यूट्यूबवर सबस्क्रिप्शनचे कप्पे करता येत नाहीत, पण प्रत्येक चॅनेलची आरएसएस फीड असते, म्हणजे नवा व्हिडिओ आला की दुसऱ्या ॲपला आपोआप कळवणारी सोय. फीडली किंवा इनोरीडरसारख्या ॲपमध्ये चॅनेलचा पत्ता टाका आणि हवा तो फोल्डर करा. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा आरएसएस संपलं असं पुष्कळांना वाटलं. संपलेलं नाही, आणि मला तरी ही सगळ्यात भरवशाची सोय वाटते, कारण सगळी यादी ओपीएमएल नावाच्या एकाच फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या ॲपमध्ये नेता येते. एक्सवरची यादी एक्सवरच राहते. म्हणून महत्त्वाच्या खात्यांची नावं मी वहीतही लिहून ठेवते. टेलिग्रामला फोल्डर आहेत आणि व्हॉट्सॲपला २०२४ च्या शेवटी याद्या आल्या. 'मजूर' आणि 'औषधं' असे दोन कप्पे मी तिथे केले आहेत.

एखादं खातं यादीत घेण्याआधी त्याच्या मागच्या वीस-पंचवीस पोस्ट बघा. गाव आणि तारीख लिहितात का? चुकल्यावर चुकलो म्हणतात का? हे दुसरं फार कमी जण करतात. जे करतात त्यांना मी लगेच घेते. छाटणी वर्षातून दोनदा, बागेबरोबरच. एप्रिलला खरड छाटणी झाली की 'फवारणी'तली निम्मी खाती काढते, ऑक्टोबरला फळछाटणीच्या आधी पुन्हा बघून भरते.

माझ्या बाकी याद्या खासगी आहेत, फक्त 'कांदा' सार्वजनिक आहे, कारण खासगी यादी दुसऱ्याला दाखवता येत नाही आणि ती भावासाठीच केलेली आहे. तिच्यात नऊ खाती आहेत. तोवर ४० वरून २० टक्क्यांवर आलेलं निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ पासून हटणार अशी बातमी मार्चमध्ये आली तेव्हा त्याने मला विचारायला फोन केला नाही. यादी उघडली, शनिवारी सरकारी खात्यावरच घोषणा वाचली, आणि मग मला फोन केला तो उन्हाळ कांदा चाळीत किती भरायचा हे बोलायला.