चार वर्षं झाली, तरी मला रडू का येतं?

“मुलाला डाऊन सिंड्रोम आहे हे कळून चार वर्षं झाली. सगळे म्हणतात, मी किती छान सांभाळते. मग मधूनच मला भरून का येतं? माझी माया कमी पडते का?”

डाऊन सिंड्रोम म्हणजे २१ वं गुणसूत्र जादा असल्यामुळे जन्मतःच असलेली अवस्था. तिच्यात मुलाची वाढ आणि शिकणं सावकाश होतं. आईचा हा प्रश्न समुपदेशनात फार वेळा येतो. इथली आई एकच व्यक्ती नाही, अनेक कुटुंबांच्या अनुभवांतून ती उभी केली आहे. निमित्त साधंच होतं. मुलाहून दीड वर्षाने लहान असलेली भाची सगळ्यांसमोर गोष्ट सांगत होती आणि ही उठून आतल्या खोलीत गेली.

अशा वेळी ‘तुमची माया कमी नाही’ असं लगेच सांगून टाकण्यात अर्थ नसतो. घरचे तेच सांगून थकलेले असतात. आधी विचारायचं ते हे, की रडू केव्हा येतं आणि किती दिवस टिकतं? वाढदिवस, शाळाप्रवेश, बरोबरीच्या मुलांची प्रगती अशा प्रसंगी दुःख उसळतं, दोन-तीन दिवसांत ओसरतं, आणि त्या दिवसांतही मुलाशी हसणं-खेळणं चालू राहतं. असं असेल तर तो आजार नव्हे. सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये या परत परत येणाऱ्या दुःखाला ‘दीर्घकालीन शोक’ म्हटलं आणि ती आईवडिलांची स्वाभाविक प्रतिक्रिया मानली. ‘स्वीकार’ एकदाच होऊन संपतो ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि ती पालकांच्या डोक्यात बहुतेक वेळा आम्हा व्यावसायिकांनीच घातलेली असते.

या आईचं अर्धं रडणं असं होतं. उरलेलं अर्धं रोजचं होतं.

म्हणून नैराश्याची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली. तिच्यात मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात आणि गुण ० ते २७. दहा किंवा अधिक आले तर नीट तपासणी लागते. नवव्या प्रश्नाला, म्हणजे जीव नकोसा होण्याच्या विचारांना, शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर त्याच भेटीत सविस्तर बोलायचं, पुढच्या तारखेवर ढकलायचं नाही. या आईचं त्या प्रश्नाचं उत्तर शून्य होतं. एकूण गुण मात्र १३, आणि त्यातले बरेचसे झोप, थकवा आणि लक्ष न लागणं या तीन प्रश्नांतून आलेले. नुसती बेरीज पाहिली असती तर हे दिसलं नसतं.

मग रात्रीची चौकशी झाली. मुलगा मोठ्याने घोरतो, मान मागे टाकून किंवा बसल्या बसल्या पुढे वाकून झोपतो, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो आणि घामाने भिजतो. आई उशाशी जागी राहून त्याचा श्वास ऐकत असे. सलग दोन तासांपेक्षा जास्त झोप तिला कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती.

डाऊन सिंड्रोममध्ये चेहऱ्याचा मधला भाग लहान, श्वासमार्ग अरुंद आणि स्नायू सैल असतात. त्यामुळे निम्म्याहून अधिक मुलांना झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास होतो. पालकांना घोरणं ऐकू आलं नसलं, तरी वयाच्या ३ ते ४ वर्षांदरम्यान स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास रात्रभर मोजणारी तपासणी, करून घ्यावी असा वैद्यकीय सल्ला आहे. या मुलाची राहून गेली होती. तपासणीनंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी टॉन्सिल आणि अॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूची गाठ) काढले. शस्त्रक्रियेनंतरही काही मुलांचा त्रास उरतो, म्हणून स्लीप स्टडी पुन्हा करावी लागते. आईचंही हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घेतलं. मन खचलेलं दिसलं की शरीर तपासायचं राहून जातं.

शस्त्रक्रियेपर्यंतच्या रात्रींची वाटणी ठरली. दोनपर्यंत वडील, पुढे आई. तिला दुसऱ्या खोलीत, दार लावून सलग पाच तास झोप. पहिल्या आठवड्यात हे फसलं, कारण खुट्ट झालं की ती उठून येई. वडिलांनी श्वास थांबल्याच्या वेळा वहीत टिपायला घेतल्या तेव्हा तिचा विश्वास बसला. ती वही पुढे डॉक्टरांच्याही उपयोगी पडली.

झोप सुधारल्यावर खालचं बाहेर आलं. “गरोदरपणात माझंच काही चुकलं असेल.” सुमारे ९५ टक्के मुलांत २१ व्या गुणसूत्राची जोडी बीजपेशी (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) तयार होतानाच विलग होत नाही, म्हणजे गर्भ राहण्याच्या आधीच. खाणं, प्रवास, काम, ताण यांचा त्यात काही हात नाही. तीन-चार टक्क्यांत २१ व्या गुणसूत्राचा जादा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेला असतो. तेव्हाच आईवडिलांचीही तपासणी करतात, कारण एखाद्या पालकाकडून तो आलेला असू शकतो. हे आईला एकटीला सांगून भागत नाही. गुणसूत्रांचा अहवाल दोघांनी शेजारी बसून वाचावा. ‘तुझ्याकडून की माझ्याकडून’ हा न बोललेला संशय दोघांच्याही मनात असतो.

वडील तिसऱ्या भेटीला आले. त्यांची काळजी वेगळी होती, ‘आमच्यानंतर याचं कोण?’ ही काळजी वडील रात्री मोबाइलवर माहिती वाचून भागवत, आणि आईला तो कोरडेपणा वाटे. दोघांना आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं दिली. दहा मिनिटं एकाने बोलायचं, दुसऱ्याने उपाय न सुचवता ऐकायचं, मग पाळी बदलायची. विषय एकच, ‘या आठवड्यात मला जड काय गेलं.’ तिसऱ्या मिनिटाला वडिलांचा उपाय यायचाच. मग ‘उपाय शेवटी, विचारले तरच’ असा नियम करावा लागला.

मुलाच्या घरच्या थेरपीला कात्री लावली. रोजच्या चाळीस मिनिटांच्या व्यायामाची लढाई झाली होती. थेरपिस्टशी बोलून एका वेळी दोनच उद्दिष्टं ठेवली आणि ती आंघोळ आणि कपडे घालण्यात मिसळली. उरलेला वेळ आईने आईच असावं.

तीन महिन्यांनी आईचे प्रश्नावलीतले गुण ६ झाले. ते उतरले नसते तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, गरज असल्यास औषधासाठीही. शाळाप्रवेशाच्या आठवड्यात तिला पुन्हा रडू आलं. तो आठवडा आधीच कॅलेंडरवर खूण करून हलका ठेवला होता आणि बहिणीला सांगून ठेवलं होतं. वाढदिवसाच्या आठवड्यावरही तशीच खूण आहे. दोन आठवड्यांत ओसरलं नाही, तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा, एवढं ठरलं आहे.