छोट्या लॅबमध्ये राहून क्वालिटीचं काम शिकता येईल?

प्रश्न: डीएमएलटी (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) झाल्यावर मी तालुक्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सेमी-ऑटो अ‍ॅनालायझर (रक्तातले घटक मोजणारं अर्धस्वयंचलित मशीन) आहे. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर रोज येतात. कंट्रोल (मशीन बरोबर मोजतंय का हे तपासायचा तयार नमुना) महाग पडतो, म्हणून फक्त सोमवारी लावतो. मला क्वालिटी कंट्रोलमध्ये करिअर करायचंय. त्यासाठी पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबमध्ये जावंच लागेल का?

उत्तर: पुढे जाशीलच, पण आत्ताच घाई करू नकोस. मोठ्या लॅबमध्ये नव्या टेक्निशियनला बरेचदा एकच बेंच मिळतो आणि कंट्रोलचा आलेख सॉफ्टवेअर काढतं. तुझ्याकडे रक्त घेण्यापासून रिपोर्टपर्यंत सगळं तुझ्या हातून जातं. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर रोज येतात, असंही तू लिहिलंयस. शिकायला याहून चांगली जागा नाही.

सुरुवात त्या महाग बाटलीपासूनच कर. 5 मिलीची बाटली फोडून सोमवारी थोडा कंट्रोल वापरायचा आणि उरलेला टाकून द्यायचा, खरा खर्च इथे होतो. ग्लुकोजच्या टेस्टला 10 मायक्रोलिटर पुरतो! कंट्रोलच्या पावडरीत डिस्टिल्ड वॉटर अचूक मोजून घाल, बाटली हलकेच फिरव, खळखळवू नकोस. पूर्ण विरघळला की अर्धा-अर्धा मिली दहा वायलमध्ये (छोट्या कुप्यांमध्ये) भरून लगेच फ्रीझरमध्ये ठेव. रोज एकच वायल काढायची, वितळलेली परत गोठवायची नाही. किती दिवस टिकतो हे सोबतच्या माहितीपत्रकात बघ. कंट्रोलमधलं बिलिरुबिन (काविळीत वाढणारा घटक) उजेडानेही उतरतं, म्हणून वायल उजेडापासून जप. वीज जात असेल तर फ्रीज आणि फ्रीझरचं तापमान रोज दोनदा वहीत लिही.

अशी 20 दिवसांची रीडिंग्ज जमली की मीन (सरासरी) आणि एसडी (रीडिंग्ज सरासरीपासून किती पसरतात त्याचं माप) काढ आणि आलेखाच्या कागदावर लेव्ही-जेनिंग्ज चार्ट, म्हणजे रोजचं रीडिंग मांडायचा आलेख, आख. समजा ग्लुकोजचा मीन 98 आणि एसडी 3 आला. म्हणजे 92 ते 104 ही दोन एसडीची पट्टी. एखाद्या दिवशी 106 आलं तर? आत येईपर्यंत कंट्रोल पुन्हापुन्हा लावत राहायचं, ही सवय फार ठिकाणी आहे. ती स्वतःला लागू देऊ नकोस. मशीन ठणठणीत असतानाही साधारण वीसात एक रीडिंग दोन एसडीबाहेर जातंच, म्हणून एकटं 106 हा इशारा समजायचा. पण दुसऱ्या दिवशीही 105 आलं, किंवा एकच रीडिंग तीन एसडीच्या पलीकडे गेलं, तर रिपोर्ट थांबवायचे. सलग दहा रीडिंग्ज मीनच्या एकाच बाजूला पडली, तर ती पट्टीच्या आत असली तरी काहीतरी सरकलंय. रिएजंटचा (टेस्टच्या रसायनाचा) लॉट बदलला का, मशीनचा दिवा जुना झाला का, पिपेट कमी उचलतंय का, ते बघ. सापडलेलं कारण आणि केलेला उपाय तारखेसह वहीत लिही. क्वालिटीच्या मुलाखतीत कंट्रोल बाहेर गेल्यावर तू काय केलंस हे विचारतातच. तेव्हा ही वही तुझ्या कामी येईल.

सेल काउंटर (रक्तपेशी मोजणारं मशीन) असेल तर कालचं फ्रीजमधलं ईडीटीएचं (रक्त गोठू न देणाऱ्या ट्यूबमधलं) सॅम्पल सकाळी खोलीच्या तापमानाला आणून, नीट मिसळून पुन्हा लाव. हिमोग्लोबिन कालच्या जवळपास यायला हवं. यातून मशीन बिघडतंय का हे कळतं. मुळातला आकडा बरोबर आहे का हे कळत नाही. त्यासाठी बाहेरची तुलना लागते. वेल्लोरच्या सीएमसीची (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची) बाह्य गुणवत्ता योजना छोट्या लॅबलाही घेता येते; त्यात एकच नमुना अनेक लॅब तपासतात आणि आकडे ताडून पाहतात. डॉक्टरांकडे एका वर्षाची वर्गणी माग, आणि मागताना बाटलीत वाचवलेल्या पैशांचा हिशोब समोर ठेव.

शिक्षणाचं म्हणशील तर क्वालिटी मॅनेजरच्या जागांना सहसा पदवी मागतात. काही ठिकाणी डीएमएलटीवाल्यांना बीएमएलटीच्या (त्याच विषयाच्या पदवीच्या) दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो. विद्यापीठाकडून लेखी खात्री कर. त्यानंतर आयएसओ 15189 चा (वैद्यकीय लॅबच्या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) इंटर्नल ऑडिटर कोर्स कर आणि मग एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये अर्ज टाक.

एका परिस्थितीत मात्र पदवीची वाट पाहू नकोस. कंट्रोल बाहेर असताना रिपोर्ट सोडायला किंवा वहीत खोटं रीडिंग लिहायला कुणी सांगितलं, तर स्पष्ट नकार दे आणि त्याच आठवड्यात दुसरी नोकरी शोधायला लाग.