काळ्या ग्रीसपासून उपग्रहापर्यंत

सातारा जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. पंचवीस वर्षं त्यांचं गॅरेज आहे. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला ट्रायबॉलॉजीत एम.टेक. करायचंय, म्हणजे घर्षण, झीज आणि वंगण यांचा अभ्यास; तोही अंतराळयानांच्या भागांचा. ते लिहितात, ‘माझे हात जन्मभर ग्रीसनं काळे झाले, तिचे होऊ नयेत म्हणून शिकवलं. भाऊबंद म्हणतात, कॉम्प्युटरकडे वळवा. काय करू?’

दादा, नमस्कार.

गाडीच्या एक्सलवरच्या सीव्ही जॉइंटमध्ये तुम्ही काळं ग्रीस भरता ना, त्याला तो रंग मॉलिब्डेनम डायसल्फाइडमुळे येतो. यानाच्या अनेक सांध्यांवर हेच द्रव्य तेलाविना, कोरड्या पातळ थरात चढवतात. कारण अवकाशातल्या पोकळीत साधं तेल उडून जातं आणि कॅमेऱ्याच्या काचेवर जाऊन बसतं. ग्राफाइटही तिथे उपयोगाचं नाही. निसरडं राहायला त्याला हवेतली वाफ लागते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं बरोबर उलट. त्याला पोकळी मानवते, दमट हवा बाधते. शिवाय आपल्याकडे धातूवरचा ऑक्साइडचा पापुद्रा घासून गेला तरी हवेमुळे पुन्हा धरतो. तिथे तो गेला की गेला, मग धातूला धातू चिकटतो.

हे किती महागात पडतं, ते गॅलिलिओ यानावरून कळतं. 1989 मध्ये ते गुरूकडे निघालं. एप्रिल 1991 मध्ये त्याची छत्रीसारखी मोठी अँटेना उघडायचा आदेश गेला आणि ती अर्धवट उघडून अडकली. छत्रीच्या काही काड्या मिटलेल्या जागीच धरून बसल्या होत्या. इंजिनिअरांचा निष्कर्ष असा की, चॅलेंजर या अंतराळयानाच्या अपघातानंतर उड्डाण लांबलं, यान कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांच्यामध्ये ट्रकनं परत परत नेलं गेलं, आणि त्या हादऱ्यांत काड्यांच्या पिनांवरचा कोरडा थर घासून गेला. सेकंदाला 134 किलोबिट माहिती यायची होती. छोट्या अँटेनावर फार तर 160 बिटांवर भागवावं लागलं. एवढ्या मोठ्या मोहिमेची वाट पिनांवरच्या थरानं अडवली.

दुसरी गोष्ट तुमच्या जास्त ओळखीची वाटेल. 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सौर पंखे, म्हणजे सोलर पॅनेल, फिरवणारा एक मोठा सांधा थरथरायला लागला, मोटर जास्त करंट ओढू लागली. आवरण उघडलं तर आत धातूचा कीस! तुम्ही चाक काढून हेच बघता. वंगण पुरेसं नसल्यानं कड्याचा कडक पृष्ठभाग फुटला होता. नोव्हेंबर 2008 मध्ये अंतराळवीरांनी बाहेर पडून कीस पुसला, बेअरिंगचे संच बदलले आणि ग्रीस गनेनं ग्रीस भरलं. त्याच कामात एका गनेचं ग्रीस पिशवीत सांडलं, आणि ते पुसताना ती हत्यारांची पिशवी हातातून निसटून अवकाशात गेली. तुमच्या लेकीला हे काम खुणावतंय, दादा. ते हलकं नाही.

आता खरं तेही सांगते. यानांच्या वंगणाच्या जागा थोड्या आहेत. आपल्याकडे उपग्रहांची दिशा सांभाळणारी रिअ‍ॅक्शन व्हील्स आणि सौर पंखे फिरवणारी यंत्रणा इस्रोच्या तिरुवनंतपुरमच्या इनर्शियल सिस्टिम्स युनिटमध्ये घडते. तिथे मेकॅनिकलचा पाया पक्का लागतो, टक्क्यांची अटही असते. जाहिरात तिनं स्वतः वाचावी. पण सगळी आशा एका दारावर ठेवू नका. बेअरिंगच्या कंपन्या पुणे परिसरात आहेत, इंडियन ऑइलचं संशोधन केंद्र फरिदाबादला आहे, पवनचक्क्या आणि रेल्वेलाही झिजेचा माणूस हवा असतो. एम.टेक.साठी गेट ही प्रवेशपरीक्षा चांगली द्यावी. आयआयटी दिल्लीत या विषयाची जुनी परंपरा आहे. सोबत मटेरियल सायन्स घ्यावं. आणि हो, प्रोग्रामिंग शिकू द्या, पण हा विषय सोडून नव्हे.

एक काम मात्र तुमच्याच हातात आहे. तुम्ही रोज फेकता ती बसलेली बेअरिंगं फेकू नका. रविवारी दोघं मिळून कापा. रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या कड्यावर, खड्डे पडलेत की ती उष्णतेनं निळी झालीये, ग्रीस वाळलंय की पाणी शिरलंय, हे तुम्ही सांगा, तिला भिंगातून बघू द्या आणि वहीत चित्रासह लिहू द्या. तुम्हाला हाताला कळतं ते तिला पुस्तकात सापडायला वेळ लागेल. वीस बेअरिंगं झाली की त्या वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा, एम.टेक.च्या मुलाखतीला तिनं काय न्यावं, ते तिथून ठरवू.