पोटातल्या शिरेत गुठळी: तुमचे प्रश्न

यकृत, प्लीहा, आतडी यांच्या शिरांत रक्ताची गुठळी झालेल्यांची पत्रं सतत येतात. गुठळीवर उपचार सुरू असतात. ती झाली कशामुळे, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं.

वडिलांच्या पोटात पाणी झालंय. दारूला कधी शिवले नाहीत, मग लिव्हर कसं बिघडलं?

दारूशिवायही बिघडतं. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा गुठळीने बंद झाल्या की रक्त तुंबतं, यकृत सुजतं, पोटात पाणी साठतं. याला बड-किआरी सिंड्रोम म्हणतात. डॉपलर सोनोग्राफी करून पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. काविळीचं झाडपाल्याचं औषध देत बसू नका.

आईच्या पोर्टल शिरेत, म्हणजे यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत, गुठळी आहे. हिमोग्लोबिन १३.८, प्लेटलेट २.९ लाख, प्लीहा १६ सेंमी. डॉक्टरांनी जेएके२ तपासणी सांगितली. ओळखीचे मेडिकलवाले म्हणतात, सीबीसी नॉर्मल आहे, पैसे कशाला घालवता?

मेडिकलवाल्यांनी औषधं द्यावीत, निदान करू नये. तुम्हीच लिहिलेले आकडे शेजारी ठेवून बघा. वाढलेली प्लीहा प्लेटलेट अडकवून ठेवते, त्यामुळे त्या कमी व्हायला हव्यात. इथे त्या २.९ लाख आहेत. म्हणजे अस्थिमज्जा गरजेपेक्षा जास्त पेशी बनवत असावी. पॉलिसायथेमिया व्हेरासारखा आजार (यात अस्थिमज्जा तांबड्या पेशी अति बनवते) असा 'नॉर्मल' रिपोर्टाआड लपतो. प्लीहा मोठी असली की रक्तातला द्रवही वाढतो आणि हिमोग्लोबिन आटोक्यात दिसतं. अशा आजारामागे बहुधा जेएके२ या जनुकातला एक बदल असतो. तो २००५ मध्ये सापडला, तेव्हापासून साध्या रक्ताच्या नमुन्यावर तो शोधता येतो. तो सहसा जन्मजात नसतो, म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी करत सुटू नका. तो सापडला तर उपचार बदलतात: हायड्रॉक्सीयुरियासारखं औषध, पॉलिसायथेमिया असेल तर हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) ४५ टक्क्यांखाली ठेवणं, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी बहुधा कायमची. नुसती गुठळी विरघळवून घरी पाठवलं, तर पुढची गुठळी वाट बघत असते. तपासणी करा आणि रिपोर्ट घेऊन रक्तविकारतज्ज्ञांकडे जा.

सकाळची लघवी काळपट लाल होते, हिमोग्लोबिन कमी आहे, आता पोटात गुठळी निघाली. संबंध असेल?

असू शकतो. पीएनएच या दुर्मीळ आजारात तांबड्या पेशी फुटतात आणि गुठळ्याही होतात. फ्लो सायटोमेट्री या रक्ततपासणीबद्दल रक्तविकारतज्ज्ञांना याच आठवड्यात विचारा.

वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीऐवजी लसूण आणि 'लिव्हर डिटॉक्स' काढा चालेल का?

नाही. वॉरफेरिन चालू असताना काढा सोबतही नको, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) बिघडतो. आणि हे काढे विकणाऱ्यांना एकदा आयएनआर म्हणजे काय ते विचारून बघा.

दात काढायचाय. रक्त पातळ करणारी गोळी चार दिवस आपणच बंद करू का?

अजिबात नाही. गोळी लिहून देणारे डॉक्टर आणि दंतवैद्य यांना आपसात बोलू द्या.

मला पॉलिसायथेमिया आहे. कालपासून पोटात भयंकर कळ आहे, पण पोट दाबलं तर मऊच लागतं. अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली. आणखी थांबू का?

पोट मऊ आणि कळ मात्र असह्य, हे आतड्याचा रक्तपुरवठा अडल्याचं लक्षण असू शकतं. वेळ गेला तर आतडं काळं पडतं, कापून काढावं लागतं. हा प्रश्न पत्रातून विचारायचा नव्हता, तडक मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं होतं. पोहोचलात की 'मला पॉलिसायथेमिया आहे' हे आधी सांगा आणि सीटी अँजिओग्राफी लागेल का, ते विचारा.