नेपाळमधून आलेली जुनी मार्टिनी-हेन्री रायफल दुरुस्त करून चालवता येईल का, आणि तिची काडतुसे कुठून मिळतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही टेक्सासमध्ये राहता, नेपाळच्या जुन्या शस्त्रसाठ्यातली एक मार्टिनी-हेन्री, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश सैन्याची रायफल, तुम्ही विकत घेतली आहे, ती पूर्ववत करून नेमबाजीच्या मैदानावर चालवावी अशी तुमची इच्छा आहे, तिची काडतुसे बाजारात मिळत नाहीत, आणि पुढे कधीतरी ती पुण्याच्या घरी नेऊन भिंतीवर लावता येईल का, हेही तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. माझे आयुष्य टूलरूममध्ये गेले आणि गेली बरीच वर्षे मी अमेरिकेत याच जातीच्या रायफलींवर हात चालवतो, त्या अनुभवावरून लिहितो. रायफल बहुधा चालवता येईल. मात्र अशा रायफलीचे काडतूस पुस्तकातल्या मापाने बनत नाही, ते त्या एका रायफलीच्या मापाने बनवावे लागते. त्यामुळे आधी रायफल तपासायची, मग मोजायची, आणि मगच काडतुसाचा विचार करायचा, हा क्रम मोडू नका.

प्रथम तुमच्याकडे नेमके काय आहे ते ओळखा. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला (शस्त्रागारातला) साठा २००३ मध्ये एका मोठ्या व्यवहारात विकला गेला आणि पन्नास हजारांहून अधिक जुनी शस्त्रे अमेरिकेत आली. त्यात ब्रिटिश बनावटीच्या मार्टिनी-हेन्री होत्या, त्यांच्या आधीच्या स्नायडर होत्या, आणि नेपाळमध्येच हाताने घडवलेल्या गहेंद्र रायफलीही होत्या. गहेंद्र बाहेरून मार्टिनीसारखीच दिसते, पण तिच्या आत गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पट्टीची स्प्रिंग असते, तिचे सुटे भाग एकमेकींना बसत नाहीत आणि पोलादाला दिलेले पाणी प्रत्येकीत निराळे असते. ती मी स्वतः कधीच चालवणार नाही आणि तुम्हीही चालवू नये. ब्रिटिश रायफलीच्या उजव्या बाजूला राजमुकुट, व्ही. आर. ही अक्षरे, एनफिल्डसारख्या कारखान्याचे नाव, साल आणि मार्कचा, म्हणजे सुधारित आवृत्तीचा, रोमन आकडा कोरलेला असतो. अफगाण सरहद्दीवर घडवलेल्या नकला बऱ्याचदा इथेच उघड्या पडतात : एनफिल्डमधला इंग्रजी एन उलटा असतो, किंवा राणी व्हिक्टोरियाच्या आद्याक्षरांखाली १९०१ नंतरचे, म्हणजे तिच्या मृत्यूनंतरचे साल असते. नेपाळी सैन्याने आपल्या खुणा देवनागरीत ठोकल्या आहेत, त्यामुळे तुमच्या रायफलीवरचा पलटणीचा क्रमांक तुम्हाला सहज लागेल. फक्त जुन्या नेपाळी वळणाचे ५, ८ आणि ९ आपल्या आकड्यांपेक्षा वेगळे दिसतात आणि साल विक्रम संवताचे असेल तर त्यातून ५७ वजा करावे लागतात, हे ध्यानात ठेवा.

या रायफलींवर वर्षानुवर्षांचे वंगण वाळून डांबरासारखे घट्ट झालेले असते. रॉकेलसारख्या द्रावकात भिजवून, लाकडी पट्टीने आणि मऊ ब्रशने ते हळूहळू काढावे. एमरी पेपर, चकतीचे पॉलिश आणि आम्ल यांना रायफलीजवळही येऊ देऊ नका, कारण त्यांनी गंजाबरोबर खुणाही जातात आणि उरते ते चकचकीत, पण निरक्षर लोखंड. तेलात भिजवलेल्या बारीक कांस्य-लोकरीने वरवरचा गंज निघतो, तेवढे पुरे आहे. अक्रोडाच्या दस्त्याला जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत, वार्निश अजिबात लावू नये. स्क्रू काढण्यापूर्वी स्क्रूड्रायव्हरचे पाते कानशीने घासून खाचेत तंतोतंत बसेल असे करून घ्यावे. एनफिल्डचे आटे त्या कारखान्याचे स्वतःचे होते, त्यामुळे एखादा स्क्रू बिघडला तर हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू तिथे बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवला तर मूळ आटेही जातात.

मार्टिनीची यंत्रणा साधी आहे. खालची कांडी ओढली की मागच्या बाजूला खिळलेला ठोकळा पुढून खाली झुकतो, रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, बाहेर फेकली जाते आणि ठोकळ्याच्या पोटातली स्प्रिंग त्याच हालचालीत ताणली जाते. ती गुंडाळीची स्प्रिंग मेलेली आहे का, काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर आपटणाऱ्या सुईचे टोक झिजले किंवा वाकले आहे का, आणि ठोकळा वर आल्यावर तो आपल्या खिळीवर हलतो का, हे पाहा. नळीत प्रकाश सोडून आत पाहताना एखादे काळे वर्तुळ दिसले, किंवा नळीवरून बोट फिरवताना कुठे फुगवटा लागला, तर ती रायफल भिंतीसाठी ठेवा. सगळे ठीक वाटले तरी जुन्या शस्त्रांचा जाणकार गनस्मिथ तिला पाहून हो म्हणेपर्यंत थांबा.

आता मोजमापाकडे वळतो, कारण सगळा खेळ इथेच आहे. कागदावर हा ०.४५० इंचाचा बोअर (नळीच्या आतला व्यास) आहे, पण ते अंतर गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांच्या मधल्या उंचवट्यांमधले आहे. खाचांच्या तळाशी मोजले तर माप ०.४६४ ते ०.४७० इंचांच्या आसपास कुठेही निघू शकते. ते मिळवण्यासाठी मऊ शिशाचा गोळा तेल लावून गजाने नळीतून पलीकडे ढकलतात आणि त्यावर उमटलेला ठसा मोजतात. यात एक मेख आहे. एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्री यांनी या नळीला सात खाचा दिल्या; सात ही विषम संख्या असल्यामुळे खाचेच्या समोर खाच येत नाही, उंचवटा येतो, आणि साध्या मायक्रोमीटरने घेतलेले माप कमीच निघते. म्हणून ठशाभोवती पातळ धातूची पट्टी घट्ट गुंडाळून मोजावे आणि पट्टीची जाडी दोनदा वजा करावी.

काडतूस जिथे बसते त्या कोठीचा साचा सेरोसेफ नावाच्या मिश्रधातूने घेतात. तो ७० ते ८८ अंश सेल्सियसमध्येच वितळतो, त्यामुळे पोलादाला काहीही होत नाही. कोठीच्या पुढे नळीत कापडाचा बोळा बसवायचा, कोठी स्वच्छ पुसून धातू ओतायचा, आणि तो गोठताच पुढून गजाने अलगद बाहेर ढकलायचा. हा धातू आधी आकसतो आणि मग पुन्हा प्रसरण पावतो; ओतल्यापासून साधारण एक तासाने तो कोठीच्या खऱ्या मापाला येतो, आणि तेव्हाच मायक्रोमीटर लावायचा असतो. त्यात शिसे आणि कॅडमियम आहे, तेव्हा हे काम मोकळ्या हवेत करा.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मूळ काडतूस पाहिले की कळते. १८७१ मध्ये रायफल सैन्यात आली तेव्हाची पुंगळी अखंड पितळेची नव्हती. पातळ पितळी पत्रा गुंडाळून त्याला लोखंडी बूड लावलेले असे. त्यात ८५ ग्रेन काळी दारू आणि बारा भाग शिशाला एक भाग कथील अशा धातूची ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम वजनाची, कागद गुंडाळलेली गोळी असे. तापलेल्या, मळलेल्या कोठीत हा पत्रा फाटे आणि बूड निघून पुंगळी आत अडके. सुदानच्या मोहिमेत ही तक्रार फार झाली, आणि १८८५ मध्ये अखंड ओढीव पितळी पुंगळी आली. पत्रा स्वतःच फुगून कोठीचा आकार घेत असल्यामुळे कोठ्या थोड्या मोठ्या असल्या तरी चालून जात. आजच्या पितळेला तेवढी मोकळीक सोसत नाही.

आजची पुंगळी बहुतेक जण २४ बोअरच्या (इथे बोअर हे शॉटगनचे माप आहे, इंच नव्हे) अखंड पितळी शॉटगन काडतुसापासून बनवतात. ती अडीच इंची असते, तिची कड मार्टिनीला जुळते, आणि तिला एकापाठोपाठ एक डायमधून, म्हणजे आकार देणाऱ्या पोलादी साच्यातून, काढत मान बारीक करावी लागते. मान अधूनमधून तापवून नरम केली नाही तर पितळ तडकते. मात्र ही आच बुडाकडे कधीही जाऊ देऊ नये, कारण दाब झेलणारे बूड कडकच राहिले पाहिजे. डायचा संच महाग असतो. थोडीच काडतुसे हवी असतील तर तयार वळवलेल्या पुंगळ्या विकत घेणे शहाणपणाचे आहे. तुमची रायफल स्नायडर असती तर हेच काम फारच सोपे झाले असते, कारण त्याच पुंगळीची फक्त लांबी कमी करावी लागते.

दारूच्या बाबतीत मी ताठर आहे. या रायफलीत फक्त काळी दारू. धूरविरहित दारूचा थोडा भार घालून चालवणारे लोक आहेत, पण दाबाचा चढ निराळा असतो आणि चूक पोटात घेण्याची ताकद या पोलादात गृहीत धरता येत नाही. काळ्या दारूचीही एक अट आहे : दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये, नाहीतर नळीला वर्तुळाकार फुगवटा येतो. नेमका भार आणि भरण एखाद्या अनुभवी भरणाऱ्याच्या शेजारी बसून शिका. तो भाग वाचून शिकण्याचा नाही. जुन्या काळची भरलेली काडतुसे सापडली तर ती संग्रहात ठेवा, चालवू नका. पहिला बार रायफल टायरला बांधून, लांबून दोरीने चाप ओढून काढतात. नंतर त्याच दिवशी नळी गरम साबणाच्या पाण्याने धुवा, कारण काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढून घेते आणि गंज धरायला फार वेळ लागत नाही.

कायद्याचे म्हणाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेले असे शस्त्र पुराणवस्तू मानले जाते. राज्याचे नियम तुम्ही स्वतंत्र पाहावेत. ब्रिटनमध्ये हेच काडतूस कालबाह्य मापांच्या यादीत आहे, पण रायफल चालवायची म्हटली की फायरआर्म प्रमाणपत्र लागते. पुण्याचे मात्र अवघड आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ कालबाह्य किंवा पुरातन हत्याराला सूट देते, पण ते दुरुस्त करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे चालवता येण्याजोगे नसेल तरच. तुम्ही तर ती चालती करायला निघाला आहात, त्यामुळे ती सूट तुम्हाला मिळणार नाही. परवाना आणि आयातीची परवानगी या दोन्हींविना ती विमानतळावरच अडकेल.