एरर हँडलरला डीबीकॉन्टेक्स्ट दिला आणि अ‍ॅप उठेचना

प्रश्न: डॉट नेट ८ मधे वेब सर्व्हिस लिहितोय. प्रत्येक कंट्रोलरमधले ट्राय-कॅच काढले, सगळे एरर एकाच जागी पकडायला आयएक्सेप्शनहँडलरचा एकच क्लास केला, एरर डेटाबेसमधे लॉग व्हावा म्हणून त्याच्या कन्स्ट्रक्टरमधे डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट) मागितला तर अ‍ॅप सुरू होतानाच बोंबलतं, स्कोप्ड सर्व्हिस सिंगलटनमधे चालत नाही म्हणे. मित्र म्हणतो डीबीकॉन्टेक्स्टच सिंगलटन कर. करू का?

उत्तर: अजिबात नको! डीबीकॉन्टेक्स्ट थ्रेड-सेफ नाही, दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की तो रडणारच. अ‍ॅडएक्सेप्शनहँडलर तुमचा क्लास सिंगलटन म्हणून रजिस्टर करतं, म्हणजे तो अ‍ॅप बंद होईपर्यंत एकच, आणि डीबीकॉन्टेक्स्ट मात्र रिक्वेस्टपुरता, म्हणजे स्कोप्ड. बोंबललं ते बरंच झालं, कारण ही तपासणी डीफॉल्टने फक्त डेव्हलपमेंटमधे चालू असते, प्रॉडक्शनमधे हाच कोड गुपचूप चालला असता.

कन्स्ट्रक्टरमधे आयसर्व्हिसस्कोपफॅक्टरी (नवीन स्कोप बनवून देणारी सर्व्हिस) घ्या, एरर आला की चालणाऱ्या ट्रायहँडलअसिंकमधे नवीन स्कोप उघडा, त्यातून डीबीकॉन्टेक्स्ट काढा, लॉग लिहा. आता तुम्ही म्हणाल एचटीटीपीकॉन्टेक्स्टच्या रिक्वेस्टसर्व्हिसेसमधे चालू रिक्वेस्टचा डीबीकॉन्टेक्स्ट तयार मिळतो की, मग नवीन स्कोप कशाला. मीही तेच केलेलं आणि एक अख्खी संध्याकाळ घालवली. समजा एरर आला तोच सेव्हचेंजेसमधून, डुप्लिकेट की असलेली ऑर्डर घालताना, तर ती फसलेली ऑर्डर त्या डीबीकॉन्टेक्स्टच्या ट्रॅकरमधे (सेव्ह करायच्या बदलांची त्याची नोंद) ‘अ‍ॅडेड’ म्हणून तशीच बसलेली असते, तुम्ही लॉगची ओळ घालून सेव्ह केलं की तीही परत डेटाबेसकडे जाते, परत तोच एरर, आणि यावेळी फुटतो तो तुमचा हँडलर. लॉगची ओळ गेलीच, क्लायंटला नीट उत्तरही नाही.

अजून एक, ट्रायहँडलअसिंकला मिळणारा कॅन्सलेशनटोकन (काम थांबवायचा इशारा) रिक्वेस्टचाच असतो, युजरने टॅब बंद केली की तो कॅन्सल, मग लॉगही अर्धवट. लॉगिंगला कॅन्सलेशनटोकन डॉट नन द्या, तो कधीच कॅन्सल होत नाही. आणि त्या लिहिण्याभोवती एक ट्राय-कॅच ठेवाच (हो, काढलेला परत आला!), डेटाबेसच झोपला असेल तर निदान आयलॉगरकडे (अ‍ॅपचा नेहमीचा लॉगर) तरी नोंद राहील, तो सिंगलटन आहे, कन्स्ट्रक्टरमधे बिनधास्त घ्या.

जुन्या पद्धतीचं स्वतःचं मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते तो कोड) असेल तरी तोच घोळ, तेही एकदाच बनतं. तिथे स्कोप्ड सर्व्हिस इन्व्होकअसिंकच्या पॅरामीटरमधे मागितली की मिळते, पण ती रिक्वेस्टच्याच स्कोपमधली, म्हणजे लॉगसाठी तिथेही स्कोप नवाच.