गाणे तुमचे, मग हक्क कोणाचा?

प्रश्न : अमेरिकेतील ‘कंट्री’ या ग्रामीण बाजाच्या संगीतप्रकारातील गायिका डॉली पार्टन यांच्या हलाखीच्या बालपणाविषयी नुकतेच वाचले. मी हळदीची आगरी-कोळी गाणी लिहितो आणि गातो. एक निर्माता एकरकमी पैसे देऊन गाण्यांचे सर्व हक्क कायमचे मागत आहे. घरची ओढाताण पाहता मोह होतो. डॉलीबाईंनी अशा वेळी काय केले असते?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : तशी वेळ त्यांच्यावर खरोखरच आली होती आणि त्यांनी नकार दिला.

टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात १९४६ साली, १२ भावंडांत चौथ्या क्रमांकावर त्या जन्मल्या. वडील तंबाखू पिकवणारे आणि निरक्षर. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी पैशांऐवजी मक्याच्या पिठाचे पोते दिले. १९६४ साली शाळा संपताच डॉलीबाईंनी कंट्री संगीताचे केंद्र असलेले नॅशव्हिल शहर गाठले. लोक ही कहाणी इथपर्यंतच रंगवून सांगतात. मला मात्र तिच्यातला कागदपत्रांचा भाग अधिक मोलाचा वाटतो. नाव होण्यापूर्वीच, साठच्या दशकात, त्यांनी मामा बिल ओवेन्स यांच्यासह स्वतःची गीतप्रकाशन कंपनी, म्हणजे गाण्यांचे हक्क सांभाळणारी कंपनी, काढली होती. पुढे ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे त्यांचे १९७४ सालचे गाणे एल्व्हिस प्रेस्ली यांना गायचे होते; परंतु प्रेस्लींचे व्यवस्थापक कर्नल पार्कर यांनी प्रकाशनहक्काचा निम्मा वाटा मागताच, एवढा मोठा गायक हातचा जात असल्याचे दिसत असूनही, डॉलीबाईंनी गाणे दिले नाही. त्या रात्री त्या रडल्या, असे त्यांनीच सांगितले आहे. १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टन यांनी तेच गाणे चित्रपटासाठी गायले, ते जगभर गाजले आणि त्याच्या रॉयल्टीचा, म्हणजे गाण्याच्या वापरापोटी मिळणाऱ्या पैशांचा, मोठा ओघ डॉलीबाईंकडे आला.

आपल्याकडे कायदा तुमच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतील आपला वाटा, कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांखेरीज, कोणालाही लिहून देता येत नाही. मात्र चाल पारंपरिक असेल, तर तिच्यावर तुम्हाला मालकी सांगता येणार नाही, शब्द तुमचे. (हळदीच्या गाण्यांत हा घोळ नेहमीचाच.) तेव्हा एकरकमी पैसे अवश्य घ्या, परंतु हक्क किती वर्षांसाठी आणि कोणत्या माध्यमांसाठी दिले, हे करारात लिहून घ्या, गीतकार म्हणून नाव घालण्यास सांगा आणि इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचे सभासदत्व घेऊन गाणी तेथे नोंदवा. सही करण्यापूर्वी करार ठाण्यातील एखाद्या वकिलाला दाखवा.